अंधाराला भाडं पडत नाही

1972 साली 'दो गज ज़मीन के नीचे' काढताना रामसे बंधूंनी स्टुडिओ घेतलाच नाही. सगळा लवाजमा बसमध्ये घालून ते महाबळेश्वरला गेले, सरकारी विश्रामगृहात उतरले आणि तिथेच चित्रीकरण केलं. कामं भावाभावांत वाटलेली होती. कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेऱ्यामागे, किरण ध्वनीला आणि अर्जुन संकलनाला. हिंदी भयपटाचा धंदा उभा राहिला तो असा घरच्या माणसांवर.

या चित्रपटांना खरा आश्रय दिला तो लहान गावांनी. त्यांतलंच एक, विदर्भातलं वाशीम, तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि वितरकांच्या नकाशावर हा सगळा मुलूख 'सीपी बेरार' म्हणून ओळखला जायचा. मोठ्या शहरांत समीक्षक नाकं मुरडत असताना 'पुराना मंदिर' (1984) आणि 'वीराना' (1988) यांना तालुक्याच्या गावांतला प्रेक्षक गर्दी करत होता. त्या प्रेक्षकाला अडाणी ठरवणं सोपं आहे, पण ते चूक आहे. पडद्यावरच्या उणिवा त्यालाही दिसत होत्या. तरी तो जात होता, कारण भयपटाचं मर्म पैशात नसतं.

प्रेमकथेला देखणी ठिकाणं लागतात, युद्धपटाला फौज लागते. भीतीचं तसं नाही. दाराआड काय आहे हे जोवर दिसत नाही तोवर प्रेक्षक स्वतःच्या मनातलं सगळ्यात वाईट चित्र तिथे उभं करतो, आणि ते काम तो फुकट करतो. 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (1999) अमेरिकेतल्या मेरीलँडच्या जंगलात जेमतेम आठ दिवसांत चित्रित झाला. कॅमेरा कलाकारांच्याच हातात होता. चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही, तरी तो जगभर चालला. ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' (2007) स्वतःच्या घरात, सुमारे 15 हजार डॉलरांत केला. त्यातली भीती झोपायच्या खोलीच्या उघड्या दारात आणि जिन्यावरच्या पावलांत आहे.

पावलं महत्त्वाची आहेत, कारण भयपट निम्मा कानांनी पाहिला जातो. डोळे मिटून घेता येतात, पण कानांना पापणी नसते. म्हणूनच हातात थोडे पैसे असतील तर ते आधी आवाजावर खर्च करावेत. नवखे दिग्दर्शक नेमकं उलटं करतात. महागडा कॅमेरा भाड्याने आणतात आणि संवाद त्याच्याच माइकवर घेतात. मग पंख्याची घरघर भुतापेक्षा मोठी होते. दुसरी चूक उजेडाची. पुरेसा प्रकाश नसला की डिजिटल चित्रात दाणे उठतात. ते टाळायला दिवसा चित्रीकरण करून नंतर रंग निळसर केला, तर जमिनीवरच्या ठळक सावल्या चुगली करतात. यापेक्षा एकच कंदील, एकच खिडकी आणि बाकी काळोख ठेवावा. तो काळोख खरा वाटतो.

या उणिवा पैशाच्या आहेत आणि त्या माफ करता येतात. काही दोष मात्र माफ करू नयेत. 'पुराना मंदिर'मध्ये भीती रंगात आली की जगदीप यांचा 'शोले'च्या विडंबनाचा फार्स मध्ये घुसतो, आणि जमलेलं सगळं सांडतं. अशा चित्रपटांत बाईचं शरीर हमखास गिऱ्हाईक आणण्यासाठी वापरलं गेलं. विद्रूप चेहरा म्हणजे पापी माणूस, हेही ठरलेलं. सगळ्यात घातक दोष म्हणजे शेवटी मांत्रिकाला खरं ठरवणं. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये ज्या राज्याला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तिथे करणी आणि भानामती हा निव्वळ करमणुकीचा विषय राहत नाही. गावात एखाद्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवायला असं एखादं दृश्य पुरतं. भूत दाखवावं, पण जिवंत माणसाला चेटकीण ठरवणाऱ्यांच्या हाती कोलीत देऊ नये.

हे साधता येतं, आणि मराठी चित्रपटाने ते साधलं आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'त (2017) जुना वाडा नाही, तर चहूकडून दाटलेला ऊस आहे. कर्जामुळे पळून आलेलं जोडपं, पोटुशी नेहा, आणि उषा नाईक यांनी उभी केलेली तुळसाबाई. उसात वाट चुकण्याची भीती खेड्यातल्या कुणालाही समजावून सांगावी लागत नाही. त्या भीतीच्या पोटात स्त्रीभ्रूणहत्येचं खरं पाप आहे. याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये हा चित्रपट हिंदीत 'छोरी' म्हणून पुन्हा केला.

'तुंबाड' (2018) तितका स्वस्त नव्हता, पण तोही चाकोरीबाहेरच घडला. राही अनिल बर्वे यांना 1993 मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने भयकथाकार नारायण धारपांची गोष्ट सांगितली होती. तिथे पडलेल्या ठिणगीचा चित्रपट व्हायला 25 वर्षं लागली. त्यातला राक्षस हस्तर आहे, पण भीती वाटते ती पिढ्यान्‌पिढ्या न भागणाऱ्या हावेची. 2024 मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावून गेला.

आता मोबाइलवर चित्रपट काढता येतो, त्यामुळे वाशीमच्या मुलांना मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. जागांची तर रेलचेल आहे. जिल्ह्यातल्या कारंज्याच्या दारव्हा वेस आणि मंगरूळ वेस आहेत. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या 'शकुंतला' रेल्वेचे अरुंद रूळ आहेत. पिंपळावरचा मुंजा आणि रात्री शिवारात लागणारा चकवा आपल्या आज्यांनी आधीच लिहून ठेवल्यासारखे तयार आहेत. असं असताना पांढरी साडी, मोकळे केस आणि परदेशी चित्रपटातली उलटी मान कशाला उसनी आणायची?

नुसती जागा मात्र पुरत नाही. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी मदतीचं पॅकेज जाहीर केलं, त्यात वाशीम होतं. कर्जाचा तगादा, पाठ फिरवलेला पाऊस आणि उंबऱ्याशी आलेला सावकार यांची भीती इथल्या घरांना पाठ आहे. हाच भयपटाचा खरा ऐवज. ज्याला पहिला चित्रपट करायचा आहे त्याने भूत कसं दिसेल याचा विचार मागाहून करावा. आपलं गाव रात्री कशाने जागं राहतं, ते आधी कागदावर उतरवावं. ते जमलं तर फाटका मुखवटाही चालून जाईल, आणि ते नसेल तर कोट्यवधींचा मुखवटा कुणाला घाबरवणार नाही.