पऱ्हाट्यांची शेकोटी

आमच्या ऑफिसात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवा कोड लाइव्ह करायला बंदी असते. बाकीचे त्या दिवसांत गोव्याला जातात, मी आदिलाबादला. हैदराबादहून रात्रीची बस निर्मल मागे टाकून महबूब घाट चढू लागली की काचेला टेकलेलं डोकं आपोआप मागे येतं. शेजारचा प्रवासी झोपेतच मफलर कानांवर ओढतो. घर जवळ आल्याचं मला असं कळतं, पाटी वाचावी लागत नाही.

तेलंगणात थंडीची बातमी आली की बहुतेक वेळा आदिलाबादचं नाव असतंच. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून देते आणि उत्तरेकडचा वारा उरलेलं काम करतो. पहाटे पारा एक आकडी होतो. मित्रांना सांगितलं की म्हणतात, "मजा आहे तुझी!"

मजा आहेच. बाबा पहाटे अंगणात गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या पेटवतात. पलीकडचे तेलुगू काका 'चलि मंट' म्हणत ब्लँकेट गुंडाळून येतात. त्यांची चलि मंट आणि आमची शेकोटी एकच. आई मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणून ठेवते. अर्धा अर्धा तास कोणी बोलत नाही. मोबाइलही कोणी बघत नाही, कारण हात बाहेर काढायची हिंमत नसते!

पण हीच थंडी कापूसवाल्याला छळते. सरकारी खरेदीत पूर्ण भाव हवा तर कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो. पुढे कपात, आणि १२ च्या वर गेला तर माल घेत नाहीत. वेचलेल्या कापसावर रात्री दव पडलं की हा आकडा चढतो. मार्केट यार्डाबाहेर लागलेल्या गाड्यांत रात्रभर ताडपत्री सारखी करत बसलेली माणसं मी लहानपणापासून बघतोय. बाबाही त्यांतलेच. जानेवारीचं दव मला सुंदर दिसतं, त्यांना काट्यावरची कपात दिसते.

लहानपणी एकदा त्यांनी मला इंद्रवेल्ली मंडलातल्या केसलापूरला नागोबाच्या जत्रेला नेलं होतं. पौष अमावस्येच्या रात्री ही पूजा होते. मेसराम कुळाचे गोंड लोक त्यासाठी गोदावरीचं पाणी पायी चालत आणतात. त्या अंधारात, त्या गारठ्यात माणसं झाडांखाली शेकोट्यांभोवती शांत बसली होती. मी कुडकुडत "घरी कधी जायचं?" विचारत होतो. बाबा म्हणाले, "ते एवढं चालून आलेत, तू जरा बस तरी."

गेल्या हिवाळ्यात बाबांना दम्याचा जोर झाला. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीचे दोन महिने यांना इथे ठेवू नका, आणि धूर तर बंदच. मी हैदराबादच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी केली, तिकिटं काढली. तीन दिवस शेकोटीपाशी तोच विषय. बाबा ऐकायचे आणि आणखी एक पऱ्हाटी आत सारायचे. चौथ्या दिवशी बोलले, "येतो मी. पण तुझ्या तेराव्या मजल्यावर सकाळी माझ्याजवळ कोण बसेल?"

माझं स्टँडअप साडेनऊला असतं. त्याआधी मी झोपलेला असतो, हे त्यांना माहीत आहे.

तिकिटं रद्द केली. यंदा मॅनेजरशी बोलून डिसेंबर-जानेवारीतले सहा आठवडे इथूनच काम करतोय. नेटवर्क गच्चीच्या एका कोपऱ्यातच मिळतं. बाबा आता व्हरांड्यात बसतात, तोंडाला रुमाल, शेजारी इनहेलर. शेकोटी वाऱ्याच्या खालच्या बाजूला, जरा लांब. पेटवायचं काम माझ्याकडे आलंय. मला अजून नीट जमत नाही, पहिल्यांदा नुसता धूरच होतो. मग व्हरांड्यातून आवाज येतो, "अरे, बारीक काड्या खाली घाल!"