रिव्हेटऐवजी घुसळण

संपादकांनी मागितला होता एका छोट्या जेटचा परिचय. वाचत गेलो आणि अडकलो त्याच्या पत्र्यांच्या सांध्यांत.

विमानाचं नाव एक्लिप्स ५००. सॉफ्टवेअरच्या धंद्यातून आलेल्या व्हर्न रॅबर्न यांनी १९९८ मध्ये कंपनी काढली, कारखाना न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला. पायलट धरून सहा जणांचं, दोन इंजिनांचं जेट दहा लाख डॉलरच्या आत द्यायचं, हा त्यांचा ध्यास.

त्यासाठी मजुरी कमी करायला हवी. विमानाच्या सांगाड्यात हजारो रिव्हेट. प्रत्येकासाठी भोक पाडा, ठोका, तपासा. नेहमीचं वेल्डिंग चालत नाही, कारण विमानाचं कडक अ‍ॅल्युमिनियम वितळून थिजताना तडकतं. एक्लिप्सने १९९१ मध्ये ब्रिटनच्या वेल्डिंग इन्स्टिट्यूटमध्ये निघालेली युक्ती उचलली. गरगर फिरणारा खुंटा एकावर एक ठेवलेल्या पत्र्यांत दाबून घुसवतात. घर्षणाने धातू मऊ होतो, पण वितळत नाही. रवीने घुसळावं तसे दोन्ही पत्रे एकमेकांत मिसळतात. खुंटा पुढे सरकतो आणि मागे एकजीव सांधा उरतो. ठिणगी नाही, धूर नाही. इतकं साधं आणि इतकं देखणं काम मी यंत्रविद्येत फार थोडं पाहिलंय.

घात केला तो इंजिनाने. विल्यम्स कंपनीचं ईजे२२ चाळीस किलोंच्या आतलं. २६ ऑगस्ट २००२ ला पहिलं उड्डाण झालं आणि त्याच वर्षी ते इंजिन सोडावं लागलं. त्याच्या जागी घेतलेलं प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं इंजिन वजनदार, म्हणून विमानच नव्याने आखावं लागलं. सरकारी प्रमाणपत्र २००६ च्या सप्टेंबरअखेर मिळालं. जून २००८ मध्ये शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना एका विमानाची दोन्ही इंजिनं पूर्ण जोरावर अडकली. पायलटांनी पुन्हा वर घेऊन एक इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना सुखरूप उतरवलं. तोवर किंमत वीस लाखांपुढे गेली होती. सर्वांत मोठं गिऱ्हाईक, फ्लोरिडाची डेजेट ही हवाई टॅक्सी, सप्टेंबरमध्ये बंद पडली.

इंजिनासाठी मी रॅबर्न यांना दोष देणार नाही. दोष त्या दहा लाखांच्या आतल्या भावाचा: वर्षाला शेकडो विमानं खपतील हे गृहीत धरूनच तो बांधला होता, आणि तेवढी गिऱ्हाइकं जगात नव्हती. नोव्हेंबर २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे २६० विमानं तयार झाली होती.