रसायनशास्त्राच्या पदवीधरास मटेरियल्स सायन्सची वाट

तांबट तांब्याचा पत्रा ठोकू लागला, की काही वेळाने पत्रा कडक होतो. तसाच ठोकीत राहिले तर चिरतो. म्हणून तो भट्टीत लालबुंद तापवून मऊ करून घ्यावा लागतो. या साऱ्या खटाटोपात तांबे तांबेच राहते. ठोक्यांनी त्याच्या स्फटिकांत दोष साचून ते एकमेकांची वाट अडवितात. उष्णतेने नवे, जवळजवळ निर्दोष स्फटिक तयार होतात. पदार्थाची अंतर्रचना, त्यावरील प्रक्रिया आणि त्याचे गुणधर्म यांचा हा संबंध तपासणारे शास्त्र म्हणजे मटेरियल्स सायन्स. ('पदार्थविज्ञान' हे नाव भौतिकशास्त्राने आधीच घेतल्यामुळे मराठीची येथे थोडी पंचाईत होते.)

रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या मुलाने इकडे वळण्याचा विचार बोलून दाखविला, की घरची मंडळी विचारतात, "मग ही तीन वर्षे फुकट गेली काय?" तसे मुळीच नाही. रासायनिक बंध, ऊष्मागतिकी, क्ष-किरणांनी होणारी स्फटिकपरीक्षा ही शिदोरी तेथे रोज लागते. २०१४ साली भारतरत्न प्रदान झालेले डॉ. सी. एन. आर. राव हे बनारस हिंदू विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे एम.एस्सी.; त्यांचे कार्य प्रामुख्याने घन पदार्थांच्या रसायनशास्त्रात झाले. उलट, लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळालेल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातील होती.

मात्र पालकांना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. एम.टेक.साठी तीन वर्षांची बी.एस्सी. सामान्यतः पुरत नाही. आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करावयाची तर 'जॅम' परीक्षा, त्यानंतर 'गेट', मग दोन वर्षांचे एम.टेक., असा क्रम असतो. म्हणजे पदवीनंतर आणखी चार वर्षे. शेतीवर चालणाऱ्या घराला हा हिशेब लहान नाही.

खरी उणीव असते ती गणिताची. 'गेट'च्या अभियांत्रिकी विज्ञान या प्रश्नपत्रिकेत गणिताचा १५ गुणांचा भाग अनिवार्य आहे. उरलेल्या विभागांतून प्रत्येकी ३५ गुणांचे दोन निवडावयाचे असतात. मटेरियल्स सायन्सच्या जोडीला पॉलिमर सायन्स घेणे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास सोयीचे पडते. तेव्हा पदवीच्या पहिल्या वर्षी कंटाळून गणित सोडणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षकांनी वेळीच थांबवावे. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक निराळ्या असतात. रसायनशास्त्राची एम.एस्सी. चालते किंवा नाही, आणि पदवीला गणित असणे आवश्यक आहे काय, या दोन गोष्टी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहून मगच अर्ज भरावा.