कपुरी, बंगला, मघई : पान ओळखून विका

पानाच्या टपरीवर येणारे गिऱ्हाईक आज ‘साधा’ किंवा ‘मसाला’ एवढेच सांगते. पानाची जात विचारणारा विरळाच. परंतु तांबूलावरून ज्यांचे आडनाव पडले, त्या आपल्या तांबोळी बांधवांनी तरी ती विसरून चालणार नाही. दुकानाचा नफा-तोटा तिच्यावरच ठरतो.

अबुल फजल यांनी ‘आईन-ए-अकबरी’त पानाच्या सहा जाती नोंदवल्या आहेत : बिलहरी, काकेर, जैसवार, कपुरी, कपूरकांत आणि बंगला. कपुरी पिवळसर, ठळक शिरांचे, चवीला व वासाला चांगले. बंगला रुंद, जाड आणि तिखट. 200 पानांच्या जुडीला तेव्हा ढोली म्हणत. चारशे वर्षे उलटली, तरी यातली दोन नावे आपल्या बाजारात आजही ऐकू येतात. मिरज तालुक्यात नरवाड, बेडगच्या मळ्यांत कपुरी, तर रामटेककडे बंगला.

नागवेल ही मिरीच्याच कुळातली. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांच्या आधाराने ती चढवतात आणि वेल फार उंच गेला की उतरण करून पुन्हा मातीत दाबतात. लागवड वेलाच्या तुकड्यांनी होते, बियांनी नव्हे. म्हणून बेणे रोगट मळ्यातले आले तर मर रोगही सोबत येतो. पावसाळ्यात मुळाशी पाणी तुंबले की उभा मळा बघता बघता बसतो आणि बाजारात भाव भडकतो.

‘बनारसी पान’ म्हणून जे नावाजले, त्यातले बरेचसे पान बिहारातले मघई असते. गया, नवादा, नालंदाकडून ते बनारसला येते. तिथे कोळशाच्या उबेत ठेवून, उलटून-पालटून ते पांढरे करतात. मग ते तोंडात विरघळते. कारागिरी म्हणतात ती ही! मघईला 2018 मध्ये, केरळच्या तिरूर पानाला 2019 मध्ये आणि बनारसी पानाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

सुपारीबाबत मात्र गिऱ्हाइकाला अंधारात ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये तिला, तंबाखू नसली तरी, कर्करोगकारक ठरवले आहे. गुलकंद-बडीशेपेचे पान सुपारीशिवायही रंगते.

खरेदीला गेलात की वरचा थर पाहून डाग उचलू नका. पान मोजून विकतात, पण कुजते आतून. मधली एखादी कवळी सोडवून पाहा, मगच भाव बोला.