मोटारीची चपळाई आणि तिचे माप

यंत्रात काही बदल केला आणि त्यामुळे ते पूर्वीपेक्षा चांगले चालू लागले, असे म्हणणे सोपे आहे. ते किती चांगले चालू लागले हे सांगणे मात्र तितके सोपे नाही. पहिल्या विधानाने मनाचे समाधान होते. दुसरे विधान मोजमाप मागते. या दोहोंतील अंतर किती असू शकते, हे मोटारगाडीच्या उदाहरणावरून चांगले समजून येईल.

बंगळूर शहराच्या उत्तर भागात हेब्बाळ नावाचे ठिकाण आहे. तेथील जुन्या तलावाच्या कडेने बळ्ळारी रस्ता उत्तरेस जातो आणि शहराभोवतीचा वर्तुळाकार रस्ता त्यास येथेच उड्डाणपुलाखाली व उड्डाणपुलावरून छेदतो. देवनहळ्ळी येथील विमानतळ २००८ साली सुरू झाल्यापासून हा मार्ग रात्रंदिवस वाहता असतो. समजा, हेब्बाळच्या एका गृहस्थाने आपल्या पेट्रोल गाडीच्या एंजिनाचे नियंत्रण करणारी आज्ञावली बदलून घेतली. कारागिराने शक्ती १५ टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले. गाडी चालविताना गृहस्थासही तसेच वाटले. पैसे तर दिले गेले. पण जे विकत घेतले ते खरोखर हाती आले काय?

त्वरण म्हणजे काय?

वेगात दर सेकंदास जी वाढ होते तीस त्वरण म्हणतात. स्थिर उभी असलेली गाडी १२ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर वेगास पोहोचली असे धरू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदास २७.८ मीटर. यास १२ ने भागले म्हणजे सरासरी त्वरण दर सेकंदास सेकंदाला २.३ मीटर येते. वरून सोडलेला दगड याच्या सुमारे चौपट त्वरणाने खाली येतो.

हे त्वरण डोळ्यांनीही पाहता येते. गाडीच्या छतास दोऱ्याने एखादे लहान वजन टांगले तर गाडी वेग घेत असता ते मागे झुकते. वरील त्वरणास हा झुकाव सुमारे १३ अंश भरेल. पण वेग घेताना गाडीचा पुढचा भाग किंचित उचलला जातो, रस्ताही क्वचितच सपाट असतो, आणि त्या दोन्हींची भर याच कोनात पडते. म्हणून ही युक्ती समजण्यास उत्तम असली तरी मोजण्यास अपुरी आहे.

आता शक्तीचा हिशेब पाहू. माणसांसह गाडीचे वस्तुमान १,२०० किलोग्रॅम असेल, तर शंभराच्या वेगास तिच्या अंगी सुमारे ४,६३,००० जूल इतकी गतिज ऊर्जा येते. ती १२ सेकंदांत मिळावयाची, तर सरासरी ३८.६ किलोवॉट, म्हणजे सुमारे ५२ अश्वशक्ती, केवळ वेग वाढविण्यात खर्ची पडली पाहिजे. एंजिनाची छापील शक्ती याहून पुष्कळ अधिक असते. कारण काही भाग हवेचा विरोध व चाकांचे घर्षण यांत जातो, काही काळ गियर बदलण्यात जातो, आणि एंजिन आपली कमाल शक्ती फेऱ्यांच्या एका विशिष्ट गतीलाच देते.

बदलते काय आणि भासते काय?

पेट्रोल जाळण्यास हवा लागते. अधिक शक्ती हवी असेल तर एंजिनाच्या नळकांड्यांत अधिक हवा व तिच्या प्रमाणात अधिक पेट्रोल गेले पाहिजे, किंवा ठिणगी अधिक योग्य क्षणी पडली पाहिजे. ज्या एंजिनास टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप, जोडलेला असतो, तेथे आज्ञावली बदलून हवेचा दाब वाढविता येतो आणि शक्तीत लक्षणीय भर पडते. टर्बो नसलेल्या एंजिनात हवा आपल्या स्वाभाविक दाबानेच आत येते, म्हणून तेथे लाभ अल्प असतो.

काही उपकरणे तर शक्तीस मुळीच हात लावीत नाहीत. पायाखालचा प्रवेगक अर्धा दाबला असता तो जणू तीन-चतुर्थांश दाबला आहे असे ती एंजिनास कळवितात. गाडी एकदम उसळते आणि चालकास ती बलवान झाल्याचा भास होतो. प्रवेगक पूर्ण दाबून काळ मोजला तर काहीच फरक आढळत नाही. धुराच्या नळीचा आवाज वाढला तरी असाच भ्रम उत्पन्न होतो. आपल्या शरीरास त्वरणापेक्षा त्यातील आकस्मिक बदल, म्हणजे हिसका, अधिक जाणवतो. म्हणून शरीराच्या साक्षीवर निवाडा देता येत नाही.

हवा, चढ आणि ओझे

समुद्रसपाटीपासून बंगळूरची उंची सुमारे ९२० मीटर आहे. इतक्या उंचीवर हवेचा दाब मुंबईच्या मानाने दहा टक्क्यांनी कमी असतो. म्हणून टर्बो नसलेली तीच गाडी मुंबईहून हेब्बाळास आणली तर तिची शक्ती जवळजवळ त्याच प्रमाणात घटते.

उष्णतेचाही परिणाम होतो. जानेवारीतील पहाटे हवा १६ अंशांवर असेल आणि एप्रिलच्या दुपारी ३४ अंशांवर, तर पहाटेची हवा सुमारे सहा टक्क्यांनी दाट भरेल. ज्याने बदलापूर्वीची चाचणी एप्रिलच्या दुपारी घेतली व नंतरची जानेवारीच्या पहाटे घेतली, त्यास आज्ञावली न बदलताही सुधारणा दिसेल.

रस्त्याचा उतार याहूनही फसवा असतो. शंभर मीटरांत एक मीटर उतार डोळ्यांस कळतही नाही; परंतु तेवढ्याने आपल्या गाडीच्या त्वरणात चार टक्क्यांहून अधिक भर पडते आणि १२ सेकंदांतील सुमारे अर्धा सेकंद वाचतो. शेजारी बसलेला ७५ किलोग्रॅमचा मित्र खाली उतरला तर ओझे सहा टक्क्यांनी घटते. टाकीतील तीस लिटर पेट्रोल संपले तर आणखी दोन टक्के. ज्या लाभाचा शोध घ्यावयाचा, त्याच्याच आकाराच्या या चुका आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

उतारावर उपाय सोपा आहे: तोच रस्ता दोन्ही दिशांनी धावावा आणि सरासरी घ्यावी. जमिनीवरील वेगाचे जागतिक विक्रम याच पद्धतीने ठरतात. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतील नेवाडाच्या वाळवंटात अँडी ग्रीन यांनी थ्रस्ट एसएससी या गाडीने ताशी १,२२८ किलोमीटरांच्या जवळचा विक्रम केला, तो परस्परविरुद्ध दिशांच्या, एका तासाच्या आत केलेल्या दोन धावांच्या सरासरीवर मान्य झाला. दोन धावांच्या सरासरीने चढ-उताराचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. वाऱ्याचा मात्र पुरता नाहीसा होत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने, समोरचा वारा जितके हिरावून घेतो तितके पाठीचा वारा परत देत नाही. यास्तव चाचणी वारा पडलेला असतानाच घ्यावी.

मापनाची साधने

गाडीतील वेगदर्शक काट्यावर विसंबून राहू नये. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतील ३९ व्या नियमाप्रमाणे काट्याने खऱ्या वेगाहून कमी वेग कधीही दाखवू नये. अधिक दाखविण्यास मात्र एक-दशांश व वर ताशी ४ किलोमीटर इतकी मुभा आहे. खरा वेग १०० असता काटा ११४ पर्यंत गेला तरी नियमभंग होत नाही. त्यातून मोठ्या व्यासाची चाके बसविली असतील तर एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते, आणि तोच काटा पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवितो. म्हणजे बदलापूर्वीचे माप एका मोजपट्टीने आणि नंतरचे दुसऱ्या मोजपट्टीने घेतल्यासारखे होते.

उपग्रहांवरून येणाऱ्या संदेशांच्या कंप्रतेत गाडीच्या गतीमुळे जो फरक पडतो, त्यावरून वेग काढणारी उपकरणे अधिक विश्वसनीय आहेत. चाकांच्या व्यासाशी त्यांचा संबंध नसतो. परंतु साधा मोबाइल फोन बहुधा सेकंदास एकदाच वेग नोंदवितो, आणि तेवढ्या अवधीत आपल्या गाडीचा वेग ताशी आठ किलोमीटरांनी वाढलेला असतो. याकरिता सेकंदास दहा वा अधिक वेळा नोंद करणारे उपकरण घ्यावे.

उभ्या स्थितीतून निघण्याऐवजी एकाच गियरमध्ये, उदाहरणार्थ तिसऱ्या गियरमध्ये ताशी ४० पासून १०० पर्यंत वेग नेण्यास लागणारा काळ मोजणे अधिक चांगले. त्यात क्लच सोडण्याचे व गियर बदलण्याचे चालकाचे कौशल्य मिसळत नाही.

एका धावेवरून निर्णय नको

समजा, बदलापूर्वी अशा पाच चाचण्या घेतल्या. प्रत्येक आकडा जाण्यायेण्याच्या दोन धावांची सरासरी आहे. काळ असे आले: १२.१, १२.६, ११.९, १२.४, १२.५ सेकंद. बदलानंतर: ११.८, १२.२, ११.६, १२.३, ११.६. पहिल्यांची सरासरी १२.३ व दुसऱ्यांची ११.९ सेकंद येते. फरक ०.४ सेकंदाचा.

गृहस्थ आनंदित होतील. परंतु बदल नसतानाच त्यांचे आकडे आपसांत ०.७ सेकंदाने वेगळे आहेत! संख्याशास्त्राच्या रीतीने हिशेब केला तर या ०.४ सेकंदाच्या फरकामागे सुमारे ०.२ सेकंदाची प्रमाण-अनिश्चितता आहे. पाच-पाच चाचण्यांत एवढा फरक केवळ योगायोगानेही दिसू शकतो. त्यास सिद्ध म्हणता येत नाही. चाचण्या चौपट, म्हणजे वीस-वीस केल्या आणि फरक तसाच टिकला, तर अनिश्चितता निम्मी होईल व विधानास बळ येईल.

मात्र याच आकड्यांवरून दुसरी एक गोष्ट आताच सांगता येते. फेऱ्यांच्या सर्व गतींना १५ टक्के शक्ती वाढली असती, तर काळ १२.३ वरून पावणेअकरा सेकंदांच्या आसपास उतरावयास हवा होता. तो तसा उतरलेला नाही. लाभ झाला असेल. सांगितला तेवढा झालेला नाही. मोजमापाने पूर्ण उत्तर मिळाले नाही तरी अतिशयोक्ती उघडी पडते, हाही काही लहान लाभ नव्हे.

आज्ञावलीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे: ती पुन्हा मूळपदावर नेता येते. म्हणून एकाच दिवशी प्रथम जुनी, मग नवी, आणि पुन्हा जुनी अशा क्रमाने चाचण्या घ्याव्यात. तिसऱ्या वेळी काळ पहिल्याइतकाच आला तर मधला फरक नव्या आज्ञावलीचा. तो तसा न आला तर हवेचा, टायरांचा किंवा एंजिनाच्या तापण्याचा. कोणती आज्ञावली चालू आहे हे चालकास न कळविल्यास त्याच्या उत्साहाचा प्रभावही टळतो.

मोजावे कोठे?

येथे हेब्बाळचा मोकळा दिसणारा रस्ता मोहात पाडतो. पहाटे तीन वाजताही तेथे विमानतळाच्या गाड्या, दूधवाले, झाडूवाले व पायी रस्ता ओलांडणारे लोक असतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २८ मीटर पुढे जाते. चालकाचे लक्ष घड्याळाकडे वळलेला तो एक सेकंदही पुरेसा घातक आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत वा वेगाची चढाओढ करणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली अपराध आहे. एकट्याने वेगमर्यादा ओलांडणाऱ्यासही त्याच अधिनियमाची अन्य कलमे लागू होतात. कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत ठरतील असे फेरफार करण्यासही मनाई आहे. तेव्हा बदल करण्यापूर्वीच ही बाजू पाहून घ्यावी.

योग्य जागा म्हणजे बंद धावपट्टी. मद्रासजवळ शोळवरम येथे जुन्या विमानपट्टीवर पूर्वी मोटारशर्यती होत. पुढे त्यांच्यासाठी इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतंत्र मार्ग बांधला गेला. मध्यप्रदेशात पीथमपूर येथे २०२१ मध्ये ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेग-चाचणीमार्ग खुला झाला. मराठी वाचकांस जवळची संस्था म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची भारतीय ऑटोमोटिव्ह संशोधन संस्था. तेथे वाहनांची व एंजिनांची प्रमाणित परीक्षा होते.

सामान्य माणसास अधिक सुलभ मार्ग म्हणजे कारखान्यातील रुळांवर गाडी जागच्या जागी पळवून शक्ती मोजणारे यंत्र, ज्यास डायनो म्हणतात. तेथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. निरनिराळ्या ठिकाणचे आकडे तुलनेस यावेत म्हणून ते २५ अंश तापमान व ९९ किलोपास्कल दाब अशा प्रमाण हवेस अनुसरून सुधारून देण्याची प्रथा आहे. बंगळूरच्या उंचीवर ही सुधारणा दहा टक्क्यांहून अधिक भरते. बदलापूर्वीचा आकडा सुधारणेविना आणि नंतरचा सुधारणेसह छापला, तर एक स्क्रूही न फिरविता शक्ती दहा टक्क्यांनी वाढलेली दिसेल. टर्बो असलेले एंजिन तर उंचीवरील विरळ हवेची भरपाई बऱ्याच अंशी स्वतःच करून घेते. त्याच्या आकड्यास पुन्हा तीच सुधारणा लावणे म्हणजे एकच रक्कम दोनदा जमा धरणे होय.

म्हणून ग्राहकाने कारागिरास तीन प्रश्न विचारावेत. दोन्ही आकडे एकाच यंत्रावर, एकाच दिवशी घेतले काय? दोन्हींस एकच सुधारणा लावली काय? आणि प्रत्येक आकडा किती चाचण्यांची सरासरी आहे? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून कागदावरील वाढ खरी मानू नये. हेच तीन प्रश्न, शब्द थोडे बदलून, नव्या खतास, नव्या औषधास आणि नव्या चुलीसही विचारता येतात.