पाव गुंज दारू

"तळघरात दारू मोजायला बसतोय. येतोस का?" मामेभावाने पहिल्याच रात्री असे विचारले, तेव्हा मी चोरून वहिनींकडे पाहिले. वहिनी अमेरिकन, पण एवढे मराठी त्यांना कळते. "जा, जा. ती प्यायची नसते," त्या हसून म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी विस्कॉन्सिनला दादाकडे तीन आठवडे होतो. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. बंदुकीशी माझा संबंध काय तो दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवण्यापुरता! शिवाय आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही आणि १९७२पासून शिकारही जवळजवळ बंदच झाली. तिथे मात्र हा घरगुती उद्योग आहे. आपल्या बायका पापड लाटायला बसतात तशी माणसे काडतुसे भरायला बसतात.

बंदूक वहिनींच्या वडिलांची. जात क्रॅग-यॉर्गेन्सन. नॉर्वेच्या दोघांनी रचलेली ही रायफल अमेरिकन लष्कराने १८९२ साली घेतली आणि पुढे जुनी झाल्यावर स्वस्तात विकली. अशा कित्येक बंदुका शेतकऱ्यांच्या घरी हरणांच्या शिकारीला लागल्या. उजव्या अंगाला खिडकीसारखे दार. ते उघडून काडतुसे आत नुसती टाकायची. आणि बोल्ट? लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो. यंदाच्या नोव्हेंबरात आजोबांची ही बंदूक नातवाच्या हाती जायची होती. पोरगा सोळा वर्षांचा.

दुकानात हिची काडतुसे क्वचित मिळतात. म्हणून उडवलेल्या काडतुसाचे पितळ जपून ठेवायचे, मान पुन्हा आवळायची, बुडात नवी टोपी बसवायची, दारू घालायची, वर गोळी दाबायची. दारूचे माप ग्रेनमध्ये. तो नाजूक काटा पाहून मला आमच्या सोनाराची आठवण झाली. इंग्रजांनी तोळा ठरवला तो १८० ग्रेनांचा. तोळ्याच्या गुंजा ९६. म्हणजे गुंज भरली पावणेदोन ग्रेनांहून किंचित जास्त. क्रॅगची मूळ गोळी २२० ग्रेनांची, सव्वा तोळ्याला जराशी कमी. हा हिशेब मी मांडल्यावर पोरगा खूश झाला आणि त्या दिवसापासून तळघरात गुंजाच चालू झाल्या.

पुस्तकातल्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करायची आणि अर्ध्या अर्ध्या ग्रेनने, म्हणजे साधारण पाव गुंजेने, चढत जायचे. प्रत्येक मापाची तीनतीन काडतुसे. शंभर यार्डांवरच्या कागदावर भोके किती जवळ पडतात ते पाहायचे. पहिल्या दिवशी भोकांचा पसारा पोह्यांच्या बशीएवढा होता. पाचव्या मापाला तो कपाच्या तोंडाएवढा झाला. वेग मोजायचे यंत्रही आकडा चढता दाखवीत होते. पोरगा म्हणाला, "आणखी पाव गुंज!" दादा घुटमळला. आणि मला कुठून अक्कल सुचली कोण जाणे, मीही म्हणालो, "दादा, एवढे जमलेच आहे तर बघ की."

बार झाला. बोल्ट उचलायला दादाला तळहाताने ठोसा द्यावा लागला. काडतुसाची टोपी चेपून सपाट झाली होती. माप पुस्तकातल्या कमाल आकड्याच्या आतच होते. पण पुस्तकाने ही बंदूक पाहिलेली नव्हती, आणि त्या दिवशी ऊनही कडक होते. दादाने एक शब्द न बोलता बाकीची काडतुसे डब्यात भरली.

घरी आल्यावर त्याने कारण सांगितले. क्रॅगच्या बोल्टाच्या तोंडाशी अडकणारा दात एकच. बाराचा सगळा धक्का त्या एका दातावर. १८९८ साली क्यूबात स्पॅनिश सैन्याच्या माउझर बंदुका हिच्यापेक्षा सरस ठरल्या. (त्याच माउझरच्या काडतुसाला इंग्रज .२७५ रिग्बी म्हणत; जिम कॉर्बेटच्या हाती तेच होते.) मग १८९९ साली लष्कराने क्रॅगचे काडतूस जोरदार केले. सेकंदाला २००० फुटांचा वेग २२०० वर नेला आणि बोल्टांचे दात तडकू लागले. मार्च १९००मध्ये उरलेली सुमारे ३५ लाख काडतुसे परत मागवून, फोडून पुन्हा जुन्या वेगाची भरावी लागली.

"आणि बोल्टाला कोणाचा गाल टेकणार होता?" दादा म्हणाला. पोरगा खाली पाहत होता. मीही.

त्या रात्री बोल्ट पातळ तेलात बुडवून ठेवला. सकाळी पुसून कोरडा केला आणि उन्हात ठेवला. भेग असली तर आत शिरलेले तेल झिरपते आणि केसासारखी रेघ उमटते. पोरगा भिंग घेऊन अर्धा तास बसला होता. विद्यापीठाच्या निकालाची वाट पाहताना माझे जे झाले नव्हते ते त्या अर्ध्या तासात झाले. रेघ उमटली नाही. तरी दादाने गावातल्या कारागिराला बोल्ट दाखवून आणला.

मग जोरदार भरलेली अकरा काडतुसे फोडायचे काम पोराकडे आले. पोकळ हातोड्यात काडतूस अडकवायचे आणि ओंडक्यावर आपटायचे, की गोळी सुटून येते. ठक्, ठक् आवाज वरपर्यंत येत होता. निघालेली दारू वहिनींनी गुलाबांच्या आळ्यात विखरून टाकली. तिच्यात नत्र असते म्हणे.

परवा पोराने त्याच्या वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. २० काडतुसे, वेग २०००च्या आसपास, पसारा बशीपेक्षा थोडा कमी. झाडीत हरीण साठ-सत्तर यार्डांवरच उभे राहते, तेव्हा एवढे पुरे. मापाच्या रकान्यावर त्याने देवनागरीत शब्द लिहिला होता, 'गुज'. अनुस्वार राहिला, असे मी त्याला लगेच कळवले.