काळे एल्फ कोठून आले?

पाश्चात्य देशांत गेल्या पन्नास वर्षांत खेळाचा एक नवाच प्रकार रूढ झाला आहे. त्यांत सोंगट्या सरकविण्यापेक्षां बोलण्याला महत्त्व अधिक. चार-सहा जण टेबलाभोंवतीं बसतात. त्यांतील एक सूत्रधार होऊन कथेंतील प्रसंग वर्णन करतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन त्या प्रसंगीं आपण काय करूं तें सांगतात, आणि तें साधलें कीं फसलें याचा निर्णय वीस पैलूंचा फांसा करतो. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यांतील लेक जिनिव्हा या गांवचे गॅरी गायगॅक्स यांनीं डेव्ह आर्नेसन यांच्या सहकार्यानें १९७४ सालीं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नांवानें हा खेळ प्रथम छापून विक्रीस आणला. आज मुंबई-पुण्याकडील तरुण मंडळींतही त्याचे शौकीन आढळतात.

या खेळांतील कल्पित वंशांत ‘ड्राउ’ अथवा काळे एल्फ हा वंश फार प्रसिद्ध आहे. कातडी काळी, केस पांढरे शुभ्र, वस्ती जमिनीखालीं, सत्ता स्त्रियांच्या हातीं, उपास्य देवता लॉल्थ नांवाची, जाळें विणणाऱ्या कोळ्याचें रूप घेणारी राक्षसी, आणि वृत्ति क्रूर व कपटी. हें वर्णन वाचून विचारी माणसाच्या मनांत सहज येतें कीं, जन्मतःच दुष्ट असा एक सबंध वंश कल्पावा, ही बुद्धि मूळ कोणाची?

एल्फ म्हणजे उत्तर युरोपांतील लोककथांतले अमानुष जीव. आपल्याकडील यक्ष-गंधर्वांशीं त्यांचें थोडेंबहुत साम्य आहे. त्यांची गोरे आणि काळे अशी विभागणी प्रथम ठसठशीतपणें केली ती आइसलंडांतील सरदार, कवि व कायदेपंडित स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) यानें. इ. स. १२२० च्या सुमारास त्यानें ‘एड्डा’ हा ग्रंथ रचला. जुन्या काव्यांतील देवकथांचे संदर्भ नव्या कवींना कळेनासे झाले होते, ते उलगडून दाखवावे हा त्याचा हेतु. त्यांत तो सांगतो कीं, प्रकाशाचे एल्फ आल्फहाइम नामक स्थानीं राहतात व ते सूर्याहूनही तेजस्वी असतात. अंधाराचे एल्फ जमिनीखालीं राहतात व ते डांबराहूनही काळे असतात. दोघे दिसण्यांत निराळे, आणि स्वभावानें तर त्याहूनही निराळे. बस्स, एवढेंच. स्वभाव निराळा म्हणजे कसा, ते दुष्ट होते काय, हें त्यानें सांगितलें नाहीं.

शिवाय पुढें त्याच ग्रंथांत मोठी गंमत आहे. फेनरिर नांवाच्या महाभयंकर लांडग्यास बांधण्यासाठीं देव काळ्या एल्फांच्या देशीं दूत पाठवितात. तेथें भेटतात ते एल्फ नव्हेत, तर बुटके कारागीर! ते बुटके मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, माशाचा श्वास असल्या अलभ्य वस्तूंपासून रेशमासारखी मऊ बेडी घडवून देतात. तेव्हां काळे एल्फ आणि बुटके हे एकच कीं काय, हा वाद पंडितांत सुरू झाला. जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम यानें १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्याचा बराच ऊहापोह केला आहे. आइसलंडानें ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास स्नोरीच्या वेळीं दोन शतकांहून अधिक काळ लोटला होता. त्यामुळें देवदूत आणि पतित देवदूत या कल्पनेची छाया त्याच्या विभागणीवर पडली असावी, असेंही कित्येक अभ्यासकांचें मत आहे. तें सयुक्तिक दिसतें.

आतां ‘ड्राउ’ या नांवाविषयीं. स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने आणि शेटलंड हीं बेटें आहेत. १४६८-६९ पर्यंत तीं नॉर्वेच्या राजाकडे होतीं, म्हणून तेथील लोककथांत नॉर्वेकडील ‘ट्रोल’ हा जीव ‘ट्राउ’ अथवा ‘ड्राउ’ होऊन राहिला. हा ट्राउ टेकाडाच्या पोटांत राहतो, उजेडाला भितो, आणि सारंगीसारख्या फिडल या वाद्याचा त्याला विलक्षण नाद. चांगल्या वादकास तो रात्रीं आपल्या टेकाडांत घेऊन जातो. ट्राउंकडून शिकलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कांहीं चाली शेटलंडांत आजही वाजविल्या जातात. हा प्राणी खोडकर खरा, कधीं घातकीही. पण कोळ्याच्या देवतेशीं किंवा काळ्या कातडीशीं त्याचा संबंध नाहीं.

गायगॅक्स यांनीं हें नांव कोठून घेतलें याविषयीं स्वतः दोन वेळीं दोन गोष्टी सांगितल्या. एकदां टॉमस कीटली या लेखकाच्या परीकथाविषयक ग्रंथाचा दाखला दिला. पुढें एका जुन्या जाडजूड शब्दकोशाचा. त्या कोशांत ड्राउ म्हणजे भूमिगत राहणारे, धातुकामांत निष्णात असे एल्फ, एवढाच अर्थ दिला होता. कोशांतील एका ओळीवर पुढें केवढा इमला चढला! १९७७ च्या प्राणिवर्णनाच्या पुस्तकांत त्यांचा केवळ ओझरता उल्लेख होता. १९७८ सालीं एकामागून एक प्रसिद्ध झालेल्या साहसकथांत ते प्रत्यक्ष आले, व शेवटच्या कथेंत त्यांचें भूगर्भांतील सबंध नगरच उभें राहिलें. ड्राउंचीं शस्त्रें व चिलखतें सूर्यप्रकाशांत निकामी होतात असा नियमही तेव्हांच घालण्यांत आला. त्याचा उपयोग उघड आहे: जिंकलेल्या खेळाडूंना ती मायावी लूट वर आणून माजतां येऊं नये!

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. पिढ्यान्‌पिढ्या गुहेच्या अंधारांत राहणारे मासे आणि किडे रंगहीन, फिकट होतात. सृष्टिनियमानें पाहिलें तर ड्राउ पांढुरके व्हावयास हवे होते. त्यांचा काळा रंग निसर्गांतून आलेला नाहीं, तो स्नोरीच्या डांबराच्या उपमेंतून आला. टोल्किन या इंग्रज लेखकानें हें अधिक विवेकानें हाताळलें होतें. त्याच्या ‘सिल्मरिलियन’मधील अंधाराचे एल्फ म्हणजे ज्यांनीं दिव्य वृक्षांचा प्रकाश कधीं पाहिला नाहीं ते, कातडीचा त्याशीं संबंध नव्हता. खेळांत मात्र राहण्याची जागा, कातडीचा वर्ण आणि मनाचें पाप हीं तिन्ही एकत्र बांधलीं गेलीं.

तथापि एल्फांपासून ड्राउ मुळांतच वेगळे, असें खेळाचें पुराणही म्हणत नाहीं. एल्फांच्या देवाशीं लॉल्थनें द्रोह केला, ती अधोलोकीं लोटली गेली व तिचे अनुयायी भूमीखालीं गेले, अशी ती कथा आहे. कश्यपाचेच पुत्र असणारे देव आणि दैत्य ज्यांच्या परिचयाचे आहेत, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. आणि दैत्यांत जसा प्रह्लाद, तसा ड्राउंतही एक निपजला.

त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. आर. ए. साल्व्हातोर हे कादंबरीकार या खेळावर आधारलेली आपली पहिली कादंबरी लिहीत होते. नायकाला एक जोडीदार हवा म्हणून संपादिकेनें दूरध्वनीवरून तांतडीनें विचारणा केली. हाताशीं कोणी नव्हतें. तेव्हां त्यांनीं ऐन वेळीं एक ड्राउ वनरक्षक सुचविला व नांवही तेथल्या तेथें ठेवलें, ड्रिझ्ट डोउर्डेन. ‘द क्रिस्टल शार्ड’ १९८८ सालीं निघाली, आणि वाचकांनीं नायकाला बाजूस सारून या जोडीदारालाच उचलून धरलें. स्वजनांच्या क्रौर्याला विटून एकटाच उन्हांत येणारा हा तरुण पुढें अनेक कादंबऱ्यांचा नायक झाला.

पण एक सज्जन निघाला म्हणून वंशावरील कलंक जात नाहीं. उलट तो अपवाद ठरतो व नियम पक्का होतो. काळ्या वर्णाच्या वंशालाच दुष्ट ठरविण्यांत वर्णद्वेषाचा वास येतो, असा आक्षेप खेळाडूंकडूनच वाढूं लागला. १९९७ पासून हा खेळ विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे आहे. तिनें जून २०२० मध्यें जाहीर केलें कीं, ड्राउ यापुढें मानवांइतकेच नीतीनें व संस्कृतीनें बहुविध दाखविले जातील. २०२१ मध्यें लॉल्थशीं कधींच संबंध न आलेल्या दोन ड्राउ समाजांची भर कथेंत घालण्यांत आली. ही ठिगळजोड आहे, असें कांहीं जुन्या खेळाडूंना वाटलें, आणि तें अगदींच खोटें नाहीं. परंतु पुराणें अशींच वाढतात.

२०१४ च्या नियमपुस्तकांत ड्राउ बहुधा दुष्ट असतात असें छापलें होतें. २०२४ च्या पुस्तकांत तें वाक्य नाहीं; ड्राउ ही एल्फांची एक शाखा, एवढेंच तेथें उरलें आहे. उन्हांत त्यांना नीट दिसत नाहीं हा जुना नियमही त्यांतून गळाला. खेळाडूचा ड्राउ आतां भर दुपारीं इतरांबरोबर बाजारांत हिंडूं शकतो. अंधारांत १२० फुटांपर्यंत पाहण्याची त्याची शक्ति मात्र ठेवली आहे.